जावईबुवांची स्टेपनी

गाडीची चाकं मोठी केली म्हणजे माणूस मोठा होतो, अशी अमरावतीत हल्ली पुष्कळांची समजूत झालेली आहे. संध्याकाळी राजकमल चौकात अर्धा तास उभं राहावं आणि बघावं. चांगल्या घरच्या, शिकल्यासवरल्या माणसांनी कंपनीची धडधाकट चाकं काढून टाकलेली असतात आणि त्या जागी परातीएवढी चकचकीत रिम नि तिच्यावर बोटभर रबर बसवलेलं असतं. गाडी मग खड्ड्यात आपटते, वळताना आतल्या पत्र्याला घासते, पेट्रोल जास्त पिते आणि मालक खाली उतरून आजूबाजूचे लोक बघतायत का ते बघतो. मी बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. मला या चाकांचा राग वगैरे येत नाही. किळस येते.

आमचे जावईबुवा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, या मंडळींत बरेच वरच्या नंबरावर आहेत. शेंदूरजनाघाटला त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग आहे. झाडं वडिलांनी लावली, विहिरीला पाणी वडिलांच्या नशिबाने लागलं, राखण गडी करतो, आणि जावईबुवा अमरावतीत राहून संत्र्याचा व्यापार करतात, म्हणजे फोनवर बोलतात. एका चांगल्या हंगामानंतर त्यांनी गाडी घेतली. गाडी खरोखर चांगली होती. ज्यांनी बनवली त्यांनी डोकं वापरलं होतं. आठ दिवसांच्या आत जावईबुवांनी तिची चारही चाकं बदलली. पंधरा इंचाची होती ती सतरा इंचाची झाली, आणि टायर धरून मोजलं तर आधीच्यापेक्षा चांगलीच उंच.

पाचवं चाक, म्हणजे स्टेपनी, मात्र होती तीच राहिली. आधीच ती बारीक. हल्ली डिक्कीत जागा वाचावी म्हणून कंपन्या देतात तसली, अडीनडीला गॅरेजपर्यंत नेण्यापुरती. तिच्यावर पिवळं स्टिकर असतं की ऐंशीच्या वर चालवू नका. जुन्या चाकांशी तिची उंची तरी जुळत होती. नव्या चाकांशेजारी ती कोणाच्या तरी खेळण्यातून काढून आणल्यासारखी दिसायची. चाकं विकणाऱ्या दुकानदाराने म्हणे विचारलंही होतं, की साहेब, स्टेपनीचं काय करू या. त्यावर जावईबुवा म्हणाले, "ते कोनाले दिसते?" हे उत्तर त्यांनी स्वतःच आम्हाला घरी येऊन कौतुकाने सांगितलं. मग त्या न दिसणाऱ्या स्टेपनीवर त्यांनी गाणी ऐकण्यासाठी एक पेटारा स्क्रूने कायमचा बसवून घेतला. त्यातून असा आवाज निघायचा की आमच्या आईच्या फडताळातले पेले थरथरत.

कोणी म्हणेल, तुम्ही एवढे जाणकार, तुम्ही सांगायचं होतं. ज्याने हे म्हटलं त्याने वऱ्हाडातल्या शेतकरी घरात पोरगी दिलेली नाही. आमच्याकडे जावयाला सांगत नाहीत. जावयाला विचारतात, वाढतात आणि हो म्हणतात. हे गृहस्थ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहेत, आणि दिवाळीला ते दारात आले की मी वाकून त्यांच्या पाया पडतो. आमचे वडील आत्याच्या यजमानांच्या पडत, त्यांच्या मागे मी यांच्या पडतो. कंबर दुखते तरी पडतो. त्यांच्या ताटात भाजी पडल्याशिवाय घरात कोणी घास उचलत नाही. ते क्रिकेटवर बोलले, राजकारणावर बोलले, माझ्या आईच्या गुडघ्यांवर बोलले, तरी शेवटचा शब्द त्यांचाच. ती चाकं दाखवायला ते आले तेव्हा आईने चारही चाकांना कुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाली, लय साजरी झाली गाडी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, छान आहेत. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली विद्या मी त्या दोन शब्दांत गिळली आणि पेढा खाल्ला.

बहीण तेव्हा पायरीवर उभी होती. ती आमचं शेंडेफळ. तिच्यात आणि माझ्यात अठरा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले, म्हणून तिला शाळेत घातलं ते मी, सायकलवर बसवलं ते मी, आणि हे स्थळ बघून आलो तोही मीच. लग्नानंतर घरातलं सगळं सांभाळून तिने ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. घरात कोणी अभ्यास कर म्हटलं नव्हतं, करू नको असंही म्हटलं नव्हतं, कारण कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढे दहा-बारा वर्षं तिने अर्ज केले. कधी मुलाखतीला बोलावलं, कधी तेही नाही. आणि वयाची अट संपायला काही महिने उरले असताना अकोल्याच्या एका कॉलेजातून ग्रंथपालाच्या जागेचं नियुक्तीपत्र आलं. पंधरा दिवसांत कामकाजाच्या वेळेत हजर व्हा, नाही तर नेमणूक रद्द समजण्यात येईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पुढच्या अर्जाला तिचं वय बसणार नव्हतं. त्यामुळे ही पहिली नोकरी होती आणि शेवटचीही.

अमरावतीहून अकोला म्हणजे काही काशी नव्हे. एसटीत बसलं की अडीच तासांत माणूस तिथे. ती दुसऱ्याच दिवशी निघायला तयार होती. पण जावईबुवांनी जाहीर केलं की तिला ते स्वतः गाडीने नेऊन कॉलेजच्या फाटकासमोर उतरवणार. "आमच्या घरची बाई पहिल्याच दिवशी एसटीतून उतरन? लोकं काय म्हनतीन?" असं त्यांनी आईला विचारलं, आणि आईने मान हलवली. वास्तविक बायकोच्या नोकरीचं त्यांना कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते कॉलेजच्या फाटकाशी गाडी लागण्याचं. त्यानंतर ते रोज उद्या म्हणत राहिले. संत्र्याचा हंगाम होता, व्यापारी येत होते, एक दिवस अमावास्या होती, एक दिवस त्यांना सर्दी झाली. बहीण मला फोन करायची आणि विचारायची की दादा, मी एसटीनं जाऊन येऊ का. मी म्हणायचो, त्यांना वाईट वाटेल, थांब. असं मी तिला दोनदा थांबवलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर ढकलणं मला फार सोपं जाईल.

पंधराव्या दिवशी आम्ही निघालो. ऑफिस पाचला बंद होणार होतं. ठरलं होतं सकाळी दहाला निघायचं, निघालो एकला, कारण आधी गाडी धुवायची होती आणि टायरांना काळं पॉलिश करायचं होतं. रबराला पॉलिश. जावईबुवा एकटे कसे जातील म्हणून आईने मला सोबत दिलं. मी निवृत्त, मला काय काम. रिवाजाप्रमाणे ते आणि मी पुढे बसलो, आणि जिची नोकरी होती ती मागे, मांडीवर फाईल घेऊन. इस्त्रीची फिकट जांभळी साडी नेसली होती. बडनेरा मागे पडेपर्यंत ती फाईल उघडून कागद पुन्हा पुन्हा बघत होती: मूळ प्रमाणपत्रं, झेरॉक्स, फोटो. मग तिने फाईल बंद केली आणि घड्याळ बघायला लागली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका पुलाचं काम चालू होतं आणि गाड्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून काढलेल्या होत्या. तिथे एक खड्डा होता. खड्डा काही मोठा नव्हता. समोरची कापसाची ट्रॉली त्यातून डुलत डुलत निघून गेली. आमचं डावं पुढचं चाक त्यात आपटलं आणि त्या बोटभर रबराची कड रिमच्या आणि दगडाच्या मध्ये चिरडून फाटली. पंक्चर असतं तर काढता आलं असतं. कड फाटलेला टायर म्हणजे संपलेला टायर. सव्वादोन वाजले होते.

जावईबुवा खाली उतरले आणि सर्वांत आधी त्यांनी रिमला ओरखडा गेलाय का ते वाकून पाहिलं. मग रस्ता बांधणाऱ्यांना शिव्या दिल्या, मग सरकारला, मग फोन काढून त्या दुकानदाराला. मी डिक्की उघडली. स्टेपनी त्या गाण्याच्या पेटाऱ्याखाली होती आणि पेटाऱ्याला आठ स्क्रू होते. स्क्रू काढायला पेचकस नव्हता. बहिणीने पर्समधून नखं कापायचं यंत्र काढून दिलं. त्याच्या टोकाने मी एक एक स्क्रू फिरवत बसलो आणि जावईबुवा तुरीच्या रिकाम्या शेताकडे तोंड करून कोणाला तरी संत्र्याचा भाव सांगत होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर धूळ बसू नये म्हणून ते जरा लांब उभे होते, हे मात्र सांगायला हवं.

स्टेपनी बाहेर काढली, अंगठ्याने दाबून पाहिली. असल्या चाकात साध्या टायरच्या जवळजवळ दुप्पट हवा लागते. ती डिक्कीत ठेवली तेव्हापासून कोणी बघितली नव्हती, आणि हवा बरीच उतरली होती. तरीही अकोला गाठता आलं असतं. ते कसं, ते पहिल्या वर्षाच्या मुलालाही येतं. या गाड्यांमध्ये इंजिनाचं ओझंही पुढे आणि ओढण्याचं कामही पुढच्या चाकांचं. दोन पुढच्या चाकांपैकी एक लहान असलं तर तेवढंच अंतर तोडायला त्याला जास्त गिरक्या घ्याव्या लागतात. दोन चाकांच्या मध्ये जी दात्यांची पेटी असते ती फक्त वळणावर काम करायला केलेली असते; तिला मग सरळ रस्त्यावरही सतत काम पडतं, ती तापते, गाडी एका अंगाला ओढते. म्हणून मागचं एक चांगलं चाक काढून पुढे लावायचं आणि लहान चाक मागे टाकायचं. मागे त्याला नुसतं घरंगळत यायचं असतं. दोनदा जॅक लावावा लागतो. वीस मिनिटं जास्त जातात, एवढंच. परीक्षेत मी हा प्रश्न हमखास विचारायचो आणि ज्याने लहान चाक पुढे लावलं त्याला सरळ नापास करायचो. एकदा एका विद्यार्थ्याचे वडील विनवणी करायला आले होते, तेव्हा मी त्यांना ऐकवलं होतं की तुमच्या मुलाच्या हातून कोणाचा तरी जीव जाईल. भारी कडक शिक्षक होतो मी.

मी जॅक पुढच्या चाकाशी न लावता मागच्या चाकाशी नेला. जावईबुवांनी फोन कानापासून दूर केला आणि विचारलं, तिकडे कुठे. मी म्हणालो, "जवाईबुवा, मांगचं चाक समोर घेतलं तं..."

"काहून?" ते म्हणाले. "पंक्चर समोर झालं, तं चाक समोरच लागन न, दादा. तुमच्या जमान्याच्या गाड्या येगळ्या होत्या. आता हे सारं कंपनी पाह्यते. अन् टाइम कोठी हाये?"

माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. वर्गात शेकडो वेळा बोललेलं वाक्य, फळ्यावर आकृती काढून. ते त्या माळावर, गरम वाऱ्यात, मी परत गिळलं. बहीण गाडीच्या सावलीत उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं. मी जॅक उचलून पुढे आणला. मग मी जे केलं ते अगदी नीट केलं. मागच्या चाकांना दगड लावले, नट आधी जमिनीवर ढिले केले, गाडी उचलली, लहान चाक चढवलं, नट समोरासमोरच्या जोडीने आवळले, खाली उतरवून पुन्हा आवळले. एवढं व्यवस्थित चुकीचं काम माझ्या हातून आयुष्यात झालं नसेल. गाडी डाव्या अंगाला झुकलेली दिसत होती, आणि ती सजवलेली तीन चाकं आणि ते एक बापुडवाणं काळं चाक बघून रस्त्याने जाणारा एक सायकलवाला हसला. जावईबुवांना त्याचा फार राग आला.

तीन वाजून गेले होते. मी एवढंच म्हणालो की मूर्तिजापूरला पंक्चरवाल्यांची रांग आहे, तिथे पाच मिनिटं थांबून हवा भरून घेऊ. हो हो म्हणाले आणि त्या रांगेसमोरून गाडी शंभरवर नेली. पिवळं स्टिकर बाहेरच्या अंगाला गरगर फिरत असणार. वाचणारं कोणी नव्हतं. स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. ते दोन्ही हातांनी धरून जावईबुवा मला सांगत होते की नव्या गाडीत असं थोडं वाटतं, ते सेन्सर असतात. समोर डॅशबोर्डवर दोन-तीन लाल-पिवळे दिवे लागलेले होते. त्यांनी ते पाहिले आणि गाण्यांचा आवाज वाढवला. पेटाऱ्याची तार मी काढून ठेवली होती, त्यामुळे आवाज बारीकच आला, आणि त्यावरूनही ते कुरकुरले. मी मांडीवर हात ठेवून बसलो होतो. आधी गरम तेलाचा वास आला. मग गरम रबराचा. या दोन वासांतला फरक मी डोळे मिटून सांगू शकतो. मी खिडकीची काच खाली केली.

बोरगाव मंजूच्या आसपास ते चाक फाटलं. मोठा आवाज झाला, गाडी रस्त्याच्या कडेला घसटत गेली आणि मुरुमात थांबली. मागून ट्रक येत नव्हता हे आमचं नशीब. त्यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं. टायरच्या नुसत्या चिंध्या रिमला गुंडाळलेल्या होत्या. मागे लावलं असतं तर तेवढ्या हवेतही ते ऐंशीच्या आत राहून अकोल्याला पोहोचलं असतं, हे मी आजही कुठेही लिहून द्यायला तयार आहे. त्या दिवशी ते सांगायला तयार नव्हतो.

आता स्टेपनीही नव्हती. पावणेचार झाले होते आणि अकोला पंधरा-वीस किलोमीटर. जावईबुवांनी अकोल्यातल्या एका मित्राला फोन लावला, आणि तो त्याची गाडी घेऊन निघाला असं आम्हाला सांगितलं. त्या मित्राची गाडी केवढी मोठी आहे हेही सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला, तेव्हा तो निघतच होता. आणखी दहा मिनिटांनी केला, तेव्हा तो पेट्रोल भरत होता. अकोल्याकडे जाणारी एक एसटी आली. बहिणीने हात पुढे केला तर जावईबुवा म्हणाले, थांब न, येऊन राह्यला तो, पाच मिनिटात. तिचा हात खाली आला. मी घड्याळात बघत नव्हतो. तिच्या तोंडाकडे बघून वेळ कळत होती.

सव्वाचार वाजता ती माझ्याजवळ आली. जावईबुवा पलीकडे फाटलेल्या चाकाचे फोटो काढत होते, कंपनीला पाठवायला.

"दादा," ती म्हणाली, "हे चाक मांगं लावाचं होतं न?"

मी म्हणालो, हो.

"तुले मालूम होतं."

"हो."

"मंग काहून नाई बोलला?"

मी म्हणालो, "जवाई हायेत ते."

हे उत्तर मी तिला दिलं. साठी उलटलेल्या माणसाने, तिला सायकल शिकवलेल्या भावाने. आरडाओरडा करायची तिची सवय नाही. तेवढ्यात मूर्तिजापूरकडून एक काळीपिवळी आली, बोरगावचा बाजार करून अकोल्याला निघालेली माणसं कोंबलेली जीप, टपावर मेथीच्या नि कोथिंबिरीच्या गाठोड्यांचा ढीग. बहीण सरळ रस्त्यात जाऊन उभी राहिली. जीप थांबली. जावईबुवा तिकडून ओरडले की काय करून राहिली, मित्र येऊन राहिला ना. तिने त्यांच्याकडे मान वळवली नाही. मी तिच्या मागे गेलो, म्हटलं मी येतो सोबत. आत माळिणी बसल्या होत्या, त्यांनी टोपल्या मांडीवर घेऊन तिला जागा केली. फाईल छातीशी धरून ती बसली आणि मला म्हणाली,

"त्याईले समजत नाई, दादा. तुले समजत होतं. तू नको येऊ. तू जवाईबुवाजवळ थांब."

स्वतःच्या नवऱ्यासाठी तिने माझाच शब्द वापरला होता. जीप गेली. मी रस्त्यात उभा होतो, मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून मला बाजूला केलं.

पुढचा एक तास मी जावईबुवांजवळ थांबलो. कंपन्या कशा फसवतात यावर ते बोलत होते. मला त्यांचा तिटकारा आला होता, खोटं कशाला बोलू. त्यांच्या पांढऱ्या शर्टाचा, त्यांच्या आवाजाचा, त्यांच्या त्या तीन देखण्या चाकांचा. पण तो तिटकारा धड टिकेना. ते बिचारे जे होते तेच होते, अडाणी आणि आनंदी. ज्याच्या हाताला ग्रीस लागलेलं होतं तो माणूस दुसरा होता, आणि त्याच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. मित्राची ती मोठी गाडी साडेपाचला आली. त्याच्या आधी आईचा फोन आला होता. बहिणीने फोन तिला केला, आम्हाला नाही. अकोल्याच्या स्टँडवरून ऑटो करून, मोर्णा नदीच्या पुलावरच्या गर्दीत ऑटो अडकल्यावर उतरून, जुन्या शहराच्या गल्ल्यांतून पायी धावत ती पाचला सात मिनिटं कमी असताना कॉलेजच्या ऑफिसात पोहोचली होती. बाबू कपाटाला कुलूप लावत होते. साडीला मेथीची पानं चिकटलेली होती असं आई सांगत होती. बाबूंनी कुलूप पुन्हा उघडलं आणि तिची सही घेतली.

म्हणजे झालं सगळं नीट. असं आई म्हणते.

तेव्हापासून ती रोज एसटीने अकोल्याला जाते-येते. लोकं काय म्हणतात ते अजून तरी कोणाच्या कानावर आलेलं नाही. जावईबुवांनी गाडी दुरुस्त केली, दात्यांची पेटी उघडून तिचं काम करावं लागलं, आणि चाकं आता अठरा इंचाची आहेत. स्टेपनीची जागा रिकामी झाली होती. तिथे त्यांनी आणखी एक पेटारा बसवला.

मागच्या रविवारी आईकडे सगळे जेवायला होतो. भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. जावईबुवांच्या ताटात पहिली भाकरी पडली आणि त्यांनी तो किस्सा पुन्हा सुरू केला. किस्सा आता पुष्कळ वाढला आहे. त्यात गाडी दोनदा उलटता उलटता राहते आणि दोन्ही वेळा ते तिला सावरतात. शेवटी कंपनीने दिलेली स्टेपनी कशी बोगस निघाली ते सांगून ते म्हणाले, "विचारा न दादाले. त्याईचा तं धंदाच हा होता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई भाकरी हातात धरून थांबली. मी घास गिळला. वाक्य तयार होतं, त्याला आता तर काही घाई नव्हती, कोणाचं ऑफिस बंद व्हायचं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "या स्टेपन्या बोगसच असतात."

जावईबुवांनी समाधानाने ठेच्याला बोट लावलं. मी बहिणीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मी काय बोलणार ते ऐकायला ती थांबलीच नव्हती. ती आईला सांगत होती की उद्या तिची सातची बस आहे, म्हणून आज ती जरा लवकर निघेल.